वरची ओळ

(तृतीय वर्ष, कला – संस्कृत)

व्याख्या म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे परीक्षेचा पेपर उभा राहतो. 'पुढीलपैकी कोणत्याही दोन संज्ञांच्या व्याख्या लिहा, गुण चार.' आदल्या रात्री पाठ करायचे, दुसऱ्या दिवशी उतरवायचे आणि शेवटच्या घंटेबरोबर विसरून जायचे, असा हा माल! व्याख्येवरून कुणाची झोप उडाली, कुणाच्या घरात दोन दिवस अबोला झाला, कुणाची नोकरी पणाला लागली, असे तुम्ही कधी ऐकले आहे काय? मीही ऐकले नव्हते. वास्तविक मी संस्कृतची विद्यार्थिनी. अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव हे लक्षणाचे तीन दोष मला तोंडपाठ आहेत. गाईचे लक्षण 'कपिल रंग' असे केले तर पांढऱ्या गाई बाहेर राहतात, ही अव्याप्ती. 'शिंगे असणे' असे केले तर म्हशीही आत शिरतात, ही अतिव्याप्ती. आणि 'एक खूर असणे' असे केले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. वर्गात हे शिकताना आम्ही हसलो होतो. गाय ओळखायला शास्त्र कशाला लागते, असे आम्हाला वाटे.

गेल्या मे महिन्यात माझे हे हसणे थांबले. त्याला कारण झाली माझी ताई आणि तिच्या लॅपटॉपच्या पडद्यावरचा चार रकान्यांचा एक साधा तक्ता.

ताई मेकॅनिकल इंजिनिअर आहे. पुण्यातल्या एका कंपनीत ती सिम्युलेशनचे काम करते. हे काम काय असते ते आईला समजावून सांगताना ती म्हणाली होती, "आई, वस्तू बनवायच्या आधीच ती कशी वागेल हे कॉम्प्युटरवर पाहायचे." आई म्हणाली, "म्हणजे पत्रिका बघण्यासारखे!" ताईने कपाळावर हात मारून घेतला. पण आईचे अगदीच चुकले नव्हते. फरक इतकाच, की इथे ग्रहांऐवजी पदार्थविज्ञानाचे नियम असतात. वस्तूची आकृती काढायची, तिचे हजारो, कधी लाखो बारीक तुकडे पाडायचे, आणि उष्णता एका तुकड्यातून शेजारच्या तुकड्यात कशी जाईल याची समीकरणे यंत्राकडून सोडवून घ्यायची. शेवटी पडद्यावर ती वस्तू निळ्या-पिवळ्या-लाल रंगांत उजळते. जिथे लाल, तिथे अधिक तापलेली.

त्या महिन्यात ताई घरून काम करण्याची परवानगी काढून चंद्रपूरला आली होती. आमच्या गावाचा मे महिना ज्यांनी अनुभवला आहे त्यांना त्याचे वर्णन नको, आणि ज्यांनी अनुभवला नाही त्यांना ते सांगून पटायचे नाही. पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, अकरा वाजता रस्ते ओस पडतात, आणि घरातला कूलर गरम वाराच ओला करून अंगावर फेकतो. त्या कूलरसमोर एका खुर्चीवर ताई, दुसऱ्या खुर्चीवर तिचा लॅपटॉप (त्यालाही वारा हवाच!), आणि खाली फरशीवर अष्टाध्यायीच्या टिपणांचा पसारा मांडून मी, अशा आमच्या दुपारी जात.

ताईच्या कामाचा विषय होता विजेवर चालणाऱ्या स्कूटरची बॅटरी. बॅटरी वापरताना तिच्यातल्या लहान लहान घटांत उष्णता निर्माण होते. ती धातूच्या पेटीतून बाहेरच्या हवेत जावी लागते. घट साधारण साठ अंशांच्या पुढे तापू द्यायचे नाहीत, असे या कामात ठरलेले होते. २०२२ च्या उन्हाळ्यात आपल्या देशात विजेच्या स्कूटरींना आगी लागल्याच्या बातम्या आल्या होत्या आणि त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले, हे वाचकांना आठवत असेल. एका ग्राहकाने नव्या पेटीची आकृती पाठवली होती. साचे पाडण्याआधी त्यांना अहवाल हवा होता : ही पेटी चालेल की नाही?

मी एकदा सहज पडद्यात डोकावले. मला वाटले होते, ताई आधी पेटी काढत असेल. पण नाही! आकृतीचा पत्ताच नव्हता. ती एक तक्ता भरीत होती. हे सॉफ्टवेअर म्हणजे स्टॉकहोमला १९८६ साली स्थापन झालेल्या कंपनीचे 'कॉमसॉल मल्टिफिजिक्स'. त्यात डाव्या बाजूला कामाचा एक वृक्ष असतो, आणि त्या वृक्षात अगदी वर, आकृती, पदार्थ, समीकरणे या सर्वांच्या आधी, एक फांदी असते : 'ग्लोबल डेफिनिशन्स', म्हणजे संपूर्ण मॉडेलला लागू असणाऱ्या व्याख्या. तिथल्या पॅरामीटरच्या तक्त्याला चार रकाने. पहिल्यात नाव, दुसऱ्यात राशी, तिसऱ्यात यंत्राने स्वतः काढलेले मूल्य, आणि चौथ्यात वर्णन.

"नुसते आकडे थेट आकृतीतच का नाही घालत?" मी विचारले.

"पत्र्याची जाडी दोन मिलिमीटर आहे," ताई म्हणाली. "ती अकरा ठिकाणी लागणार. अकरा ठिकाणी दोन-दोन लिहीत बसले, आणि उद्या ग्राहक म्हणाला अडीच करा, तर दहा ठिकाणी बदलेन आणि अकरावे राहून जाईल. त्यापेक्षा इथे वर एकदा लिहायचे : जाडी म्हणजे दोन मिलिमीटर. खाली सगळीकडे फक्त 'जाडी' म्हणायचे. वर बदलले की सगळीकडे बदलते."

मग तिने मला त्यातले भेद सांगितले. पॅरामीटर ही आधीच ठरलेली राशी. समीकरण सोडवत असताना ती जागा किंवा वेळ पाहून बदलत नाही, आणि म्हणूनच आकृती काढताना आणि तिचे तुकडे पाडतानाही ती वापरता येते. व्हेरिएबल मात्र जागेप्रमाणे, वेळेप्रमाणे, इतकेच काय, निघत असलेल्या उत्तराप्रमाणेही बदलू शकते. म्हणून आकृतीची मापे तिच्यावर सोपवता येत नाहीत. फंक्शन म्हणजे एक दिले की दुसरे देणारा नियम. दिवसाच्या चोवीस तासांचे तापमान ताईने अशाच एका फंक्शनमध्ये भरले होते. तास सांगा, ते तापमान सांगते. काही व्याख्या साऱ्या मॉडेलला लागू, तर काही एकाच भागापुरत्या, म्हणजे काही कायदे गावाचे आणि काही घरचे. नावांनाही शिस्त आहे. रोमन लिपीतले लहान 'टी' हे अक्षर काळासाठी आधीच राखून ठेवलेले. ते आपल्या पत्र्याला देता येत नाही.

ऐकता ऐकता मी माझ्या टिपणांकडे पाहिले आणि मला हसू आले. "ताई, हे तर पाणिनीने करून ठेवले आहे!"

ताईला वाटले, मीही आता 'सर्व काही आपल्या वेदांत आहे' म्हणणाऱ्या मंडळींत सामील झाले. तसे नव्हे. पाणिनीने काही बॅटरी बनवली नाही. पण सुमारे चार हजार सूत्रांत एका भाषेचे व्याकरण बसवायचे, तर त्याच्यापुढेही अडचण हीच होती : एकच गोष्ट अकरा ठिकाणी लिहायची की एकदाच? म्हणून अष्टाध्यायीच्या आरंभीच तो संज्ञा ठरवतो. 'वृद्धी' म्हणजे आ, ऐ, औ हे स्वर. 'गुण' म्हणजे अ, ए, ओ. व्यवहारात वृद्धी म्हणजे वाढ आणि गुण म्हणजे चांगुलपणा, पण या शास्त्रात शिरलात की हाच अर्थ. दा आणि धा या रूपांच्या धातूंना त्याने 'घु' असे नाव दिले. ऐकायला घुबडासारखे, पण पुढे सगळीकडे काम करणारे. काही सूत्रे अशी, की ती पुढच्या ठराविक टप्प्यापर्यंतच अधिकार गाजवतात. आणि काही सूत्रे परिभाषेची. त्यांच्याविषयी पतंजलीने महाभाष्यात फार सुंदर दृष्टांत दिला आहे. दिवा घराच्या एका कोपऱ्यात असतो, पण उजेड साऱ्या घरात पडतो, तशी परिभाषा एका ठिकाणी राहून सगळे शास्त्र उजळते.

ताईला हा दिवा फार आवडला. ती म्हणाली, "आमच्या प्रशिक्षणात हे इतके चांगले कुणी सांगितले नाही." माझी मान ताठ झाली, हे काय सांगायला हवे? 'संस्कृत घेऊन पुढे काय करणार' असे लग्नसमारंभात विचारणाऱ्या समस्त काकू-मावश्यांना मी मनातल्या मनात उत्तर देऊन टाकले.

पण दिव्याच्या दृष्टांताची दुसरी बाजू संध्याकाळी लक्षात आली. दिवा कोपऱ्यात आहे म्हणून साऱ्या घरात उजेड; पण त्याच्या काचेवर काजळी असेल तर ती काजळीही साऱ्या घरात! व्याख्या एका जागी चुकली तर ती सगळीकडे सारख्याच शिस्तीने चुकते, आणि सगळीकडे सारखीच चुकल्यामुळे कुठेच विसंगती दिसत नाही.

"यंत्राला कळत नाही का?" मी विचारले.

"थोडे कळते. एककांचा मेळ बसला नाही तर अक्षरे नारिंगी होतात. लांबीच्या जागी वजन लिहिले तर ते कुरकुरते. पण दोन मिलिमीटरच्या जागी वीस लिहिले, तर ते बिचारे वीस धरून अगदी काटेकोर गणित करते."

हेही सर्व सॉफ्टवेअरच्या नशिबी नाही. 'अबॅकस' नावाचे दुसरे एक प्रसिद्ध सॉफ्टवेअर आहे, त्यात एकके लिहायचीच नसतात. वापरणाऱ्याने मनाशी एक पद्धत ठरवायची आणि शेवटपर्यंत पाळायची. मीटर-किलोग्रॅम धरले तर पोलादाची घनता ७८५०. मिलिमीटर आणि टन धरले तर तीच घनता ०.००००००००७८५. दोन्ही बरोबर, पण एकीतली जाडी आणि दुसरीतली घनता एकत्र आली की संपले. ताईने सांगितलेले उदाहरण तर जगजाहीर आहे. अमेरिकेच्या 'नासा'ने ११ डिसेंबर १९९८ रोजी 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान मंगळाकडे सोडले. २३ सप्टेंबर १९९९ रोजी, मंगळाशी पोहोचता पोहोचता, ते गमावले. चौकशीत निघाले ते असे : यानाला मिळणाऱ्या लहान लहान धक्क्यांचे माप जमिनीवरची एक प्रणाली पौंड-सेकंदांत देत होती आणि दुसरी ते न्यूटन-सेकंद समजून घेत होती. एक पौंड बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. मंगळापासून २२६ किलोमीटरवरून जायचे ठरलेले यान सुमारे ५७ किलोमीटरपर्यंत खाली उतरले. दोन्हीकडची गणिते आपापल्या घरी चोख होती. एका शब्दाचा अर्थ दोन घरांत वेगळा होता, एवढेच.

हे मी रात्री बाबांना सांगितले. बाबांचे किराणा दुकान आहे. ते म्हणाले, "यात नवीन काय? आमच्या लहानपणी कुठे बारा पायलींचा मण, कुठे सोळा. दुसऱ्या गावाहून धान्य आणायचे तर आधी भाव नाही विचारायचा. आधी विचारायचे, तुमचा मण केवढा?" आता तो प्रश्न विचारावा लागत नाही, कारण १९५६ च्या कायद्याने देशभर दशमान वजनमापे आली. बाबांच्या तराजूतल्या किलोवर सरकारी शिक्का आहे. तो ज्या मापाशी ताडला त्याच्या मागे चालत गेले तर आपण दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या ५७ क्रमांकाच्या प्रतीपाशी, आणि तिथून पॅरिसजवळच्या मूळ वजनापाशी जाऊन पोहोचत होतो. २० मे २०१९ पासून तर ते मूळ वजनही निवृत्त झाले आणि किलोग्रॅमची व्याख्या निसर्गातल्या एका स्थिरांकावरून होऊ लागली. बाबांच्या तुरीच्या डाळीला त्याने काही फरक पडला नाही. पडू नये, हेच त्या व्याख्येचे कौशल्य.

इथवर सगळे गमतीचे होते. खरी गोष्ट पुढेच आहे.

तक्त्यातल्या एका ओळीचे नाव होते 'बाहेरचे तापमान'. या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही काही सांगितले नाही, तर तापमान २९३.१५ केल्विन, म्हणजे २० अंश सेल्सिअस धरलेले असते. त्यात त्यांची चूक नाही. कुठला तरी आकडा आधी धरावाच लागतो, आणि स्वीडनमधल्या खोलीला २० अंश अगदी साजेसे आहेत. आमच्याकडे मात्र २० अंशांना पेटीतून स्वेटर बाहेर निघतात! ताईने तो आकडा अर्थातच ठेवला नव्हता. तिने लिहिले होते ४८. यंत्राने निमूटपणे शेजारी ३२१.१५ केल्विन असे मूल्य काढले. गणित रात्रभर चालले, आणि सकाळी पडद्यावर पेटीच्या मधोमध लालभडक ठिपका होता : ६५ अंश.

ताईने हा निकाल पुण्याला पाठवला. तासाभरात तिच्या वरिष्ठांचा फोन आला. ती स्वयंपाकघरात जाऊन बोलत होती, पण आमच्या घरात भिंतींना कान लावावे लागत नाहीत.

"सर, पण गाडी विकली जाणार आहे विदर्भातही… हो सर, त्यांच्या कागदात ३५ आहे, मी वाचले… नाही सर, तसे नाही म्हणत…"

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. ग्राहकाने पाठवलेल्या कागदात बाहेरचे तापमान ३५ अंश धरा, असे लिहिले होते. ३५ धरले तर मधला ठिपका ५२ अंशांवर थांबत होता, आणि पेटी पास! कारण वर जितके अंश वाढवावेत, साधारण तितकेच खाली उतरतात. सर म्हणाले होते, "अगं, एवढे काय? तो फक्त एक आकडा आहे."

सर काही खलपुरुष नव्हते, हे सांगितले पाहिजे. ग्राहकाच्या कागदाप्रमाणे काम करून द्यायचे, हा त्यांच्या धंद्याचा करार. मुदत जवळ आली होती. ग्राहकाने न मागितलेला आकडा घालून त्याचीच पेटी नापास करणे म्हणजे पुढचे काम घालवणे. शिवाय ताईची नोकरी अजून कायम व्हायची होती, आणि बाबांच्या दुकानावरचे कर्ज तिच्याच पगारातून फिटत होते. त्या रात्री बाबा इतकेच म्हणाले, "बेटा, तू काय ते समजून कर." पण त्यांनी जेवताना दुसऱ्यांदा भात घेतला नाही, हे आम्ही दोघींनी पाहिले. आई म्हणाली, "सर मोठे आहेत, त्यांना कळत नसेल का?" ताईने ताट सरकवले. दुसऱ्या दिवशी त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

दुपारी दोन वाजता ताई मला म्हणाली, "चल." डोक्याला दुपट्टे गुंडाळून आम्ही गल्लीत उतरलो. कोपऱ्यावर घरोघरी पार्सले पोचवणारा एक मुलगा राहतो. त्याची विजेची स्कूटर जिन्याखाली चार्जिंगला लावलेली होती. बाहेर उभ्या केलेल्या गाडीच्या काळ्या सीटला हात लावला तर चटका बसत होता. त्याच जिन्याच्या अर्ध्यावर, वाऱ्याची झुळूक येते म्हणून, त्या मुलाची आजी गोधडी टाकून झोपली होती. ताई थोडा वेळ तिथे उभी राहिली. "वेधशाळेचे ४६ हे सावलीतले असतात," ती म्हणाली, "उन्हातले नाही. डांबरावरचे तर नाहीच." आणि घरी येऊन ती पुन्हा त्या तक्त्यापुढे बसली.

तक्त्यातला चौथा रकाना वर्णनाचा. तो ऐच्छिक असतो. रिकामा ठेवला तरी यंत्र काही म्हणत नाही, आणि घाईत असलेली माणसे तो रिकामाच ठेवतात. ताईने विचारले, "इथे काय लिहू? नुसते 'बाहेरचे तापमान' लिहिले तर तो पुन्हा फक्त एक आकडाच राहतो."

तेव्हा मला एकदम वर्गातली गाय आठवली. मी म्हणाले, "ताई, २० हा असंभव आहे, आपल्या मे महिन्यातली एकही दुपार त्यात बसत नाही. ३५ ही अव्याप्ती. पुण्याच्या संध्याकाळा त्यात बसतील, पण चंद्रपूर बाहेर राहील. त्यांची व्याख्या खोटी नाही गं, अपुरी आहे. कपिल गाई सोडून बाकीच्या गाईंचे काय, हे तिने सांगितलेले नाही."

ताई हसली, दोन दिवसांत पहिल्यांदाच. मग तिने एक गोष्ट केली, जी मला फार शहाणपणाची वाटते. तिने ग्राहकाचा आकडा खोडला नाही, आणि आपलाही सोडला नाही. पॅरामीटर एकाच जागी लिहिलेला असल्यामुळे त्याला एकामागून एक मूल्ये देऊन तेच गणित पुन्हा पुन्हा चालवता येते. तिने २५ पासून ४८ पर्यंतची मूल्ये दिली. कुठल्या बाहेरच्या तापमानाला घट साठ अंश ओलांडतात, ते आलेखावर स्वच्छ दिसले : ४३. वर्णनाच्या रकान्यात तिने लिहिले, '३५ : ग्राहकाचा कागद. ४८ : विदर्भ, मे महिन्यातील दुपार, काही जास्तीचे धरून.' आणि सरांना पत्र लिहिले, की अहवाल ३५ चाच द्यायचा असेल तर देऊ या. मात्र 'पेटी योग्य आहे' या वाक्याच्या शेजारी, त्याच पानावर, 'बाहेरचे तापमान ३५ अंश असेपर्यंत' हे शब्द छापले पाहिजेत, आणि आलेख जोडला पाहिजे. वाक्य आणि त्याची व्याख्या वेगळ्या पानांवर ठेवून त्यावर माझे नाव नको.

उत्तर दोन दिवसांनी आले. एका ओळीचे. 'ठीक आहे, आलेख जोडा.'

अहवाल तसाच गेला. ग्राहकाने पुढे पेटी बदलली की नाही, हे ताईला कळले नाही. तिच्या कामात ते बहुधा कळतही नाही. ताई नोकरीत कायम झाली, पण तिच्याबरोबरच्या इतरांपेक्षा तीन महिने उशिरा. उशिराचे कारण कुणी सांगितले नाही, तिनेही विचारले नाही. बाबांनी मात्र त्या तीन महिन्यांत एकदाही 'मी तुला सांगत होतो' असे म्हटले नाही.

ही सगळी हकिगत इंजिनिअरांच्या मासिकात शोभली असती. कला शाखेच्या वार्षिकात कशाला, असे कुणी म्हणेल. पण माझा अनुभव असा, की त्या दिवसापासून मला सर्वत्र वरच्या ओळी दिसू लागल्या आहेत. आपले समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र या साऱ्यांच्या तक्त्यांवर कुठेतरी एक ओळ असते आणि आपण ती न वाचता खालचे आकडे पाठ करतो. 'साक्षर' म्हणजे कोण? आपल्या जनगणनेत १९९१ पासून सात वर्षे किंवा त्याहून अधिक वयाची, कोणत्याही भाषेत समजून लिहू-वाचू शकणारी व्यक्ती. त्याआधी पाचव्या वर्षापासून गणना होत असे. म्हणजे १९८१ चा आणि १९९१ चा आकडा शेजारी ठेवण्याआधी 'तुमचा मण केवढा' हे विचारायलाच हवे!

याहून जवळचे उदाहरण माझ्या घरातच आहे. २०११ च्या जनगणनेत काम म्हणजे आर्थिकदृष्ट्या उत्पादक असे काम, अशी व्याख्या होती. घरचा स्वयंपाक, धुणे, पाणी, म्हाताऱ्यांची सेवा एवढेच जी करते, ती 'काम न करणारी'. माझी आई पहाटे पाचला उठते आणि रात्री अकराला आडवी होते. दुकानात बाबा जेवायला गेले की गल्ल्यावर बसते ते वेगळेच. गणना करणारा दारात आला तेव्हा बाबांनी सवयीने सांगितले, "ती घरीच असते." झाले! वर एक ओळ, शेजारी एक उत्तर. आणि खालच्या तालुक्याच्या, जिल्ह्याच्या, राज्याच्या, देशाच्या साऱ्या तक्त्यांत माझी आई काम करीत नाही. बेरजा सगळ्या बरोबर. कुठेही नारिंगी अक्षर नाही. गणकाने लबाडी केली नाही, यंत्राने चूक केली नाही. कपिल गाय मोजली गेली आणि पांढरी राहिली, इतकेच.

हे मी आईला समजावून सांगितले. ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "मग आता गणतीला आले की मला विचारायला सांग. मी सांगीन काय करते ते."

मला वाटते, यापेक्षा नेमके उत्तर मला परीक्षेतही लिहिता येणार नाही. व्याख्या वाईट नसते. तिच्यावाचून शास्त्र नाही, व्यापार नाही, राज्य नाही. एकदाच लिहून सगळीकडे लागू करण्यातच तिचे सामर्थ्य आहे. म्हणूनच ती लिहिताना ज्याच्यावर ती लागू होणार त्याला एकदा विचारावे : जिन्यावर झोपलेल्या आजीला, कणीक मळणाऱ्या आईला, भर दुपारी पार्सल घेऊन निघालेल्या पोराला. यंत्र एककांचा मेळ तपासते, तेवढे ते चांगले तपासते. चौथ्या रकान्यात काय लिहायचे, हे मात्र ते कधी विचारणार नाही. मित्रमैत्रिणींनो, तो रकाना भरायला शब्द लागतात, आणि शब्दांचे शिक्षण घेण्यासाठीच तर आपण या महाविद्यालयात आलो आहोत.